आज काय आहे?

बँकेच्या तपासणी खात्यात नोकरी केली की दोन गोष्टी न मागता मिळतात: परगावचं लॉज आणि परगावचं जेवण. लॉजांबद्दल न बोललेलंच बरं. जेवणाचा हिशेब मात्र अधूनमधून मनात मांडून होतो. नव्वदच्या दशकापासून आजवर किती गावं झाली, किती टेबलं झाली, पण उजळणी करताना एक गोष्ट दर वेळी वर येते. ज्यांची चव अजून जिभेवर आहे, त्या हॉटेलांतल्या बहुतेकांचं मेन्यूकार्ड जेमतेम तळहाताएवढं होतं, किंवा नव्हतंच. भिंतीवर फळा असे, नाहीतर वेटर तोंडाने सांगे. ‘आज काय आहे?’ असं गिऱ्हाइकाने विचारायचं आणि येईल त्या उत्तरात आपली भूक बसवायची.

माटुंगा स्टेशनाबाहेर पहिल्या मजल्यावर रामा नायकांचं ‘उडपी श्रीकृष्ण बोर्डिंग’ आहे, 1942 पासूनचं. कूपन घ्यायचं, पाळी आली की बसायचं. ऑर्डर घ्यायला कोणी येत नाही, कारण ऑर्डर देण्यासारखं काही नसतंच. भाज्या त्या दिवशी असतील त्या. रस्सम, सांबार, ताक ठरलेलं. वाढपी बादली आणि पळी घेऊन फिरत राहतो, पानावर मोकळी जागा दिसली की भात पडतो. इतक्या थोड्या पैशांत हे परवडतं कसं, याचं तेव्हा नवल वाटे. पुढे गावोगावच्या खात्यांची तपासणी करता करता उलगडा झाला. पन्नास पदार्थांचा पसाराच नसला की कोठीत माल पडून राहत नाही, पातेलं चढतं तसं रिकामं होतं आणि फ्रिजची गरज बेताची राहते.

पुण्यात टिळक रोडच्या ‘बादशाही’त हाच कारभार, जरा खड्या आवाजात. नाव सांगून थांबायचं, पुकारा झाला की मुकाट्याने मिळेल त्या खुर्चीवर जायचं. पुण्याच्या पाट्यांवर विनोद करून लोकांनी पानंच्या पानं भरली आहेत. मला त्या पाट्यांमध्ये हसण्यासारखं फारसं काही सापडलं नाही. वेळ संपल्यावर आलेल्याला गरम पोळी कुठून वाढायची?

या बाबतीत खरी शिस्त पाहिली ती बेंगळुरात. बसवनगुडीतल्या गांधी बाजारात ‘विद्यार्थी भवन’ 1943 पासून उभं आहे. शुक्रवारी बंद. दुपारीही मधले काही तास बंद. शनिवार-रविवारी सकाळी बाहेर ही गर्दी, नाव नोंदवून फुटपाथवर ताटकळत राहायचं. आत गेलं तरी मसाला डोसा लगेच मिळेल असं नाही. मोठ्या तव्यावर डोसे एकदम घातले जातात आणि एकदमच उतरतात. मग वेटर ताटल्यांवर ताटल्या रचून, अख्खी चळत एका हातावर तोलत दारातून येतो तेव्हा सगळ्या टेबलांच्या माना तिकडे वळतात. डोसा जाडसर, वरून खरपूस, आतून मऊ, तुपाने बोटं चकचकीत. पातळ चटणी भांड्यातून थेट ताटलीत ओततात. समोरच्या खुर्चीवर अनोळखी माणूस असणारच. त्याच्याशी बोलणं ऐच्छिक. मुंबईच्या झगमगीत हॉटेलांत मिळणारा हातभर लांबीचा कागदी डोसा आणि हा, यांना एकाच नावाने हाक मारणं मला आजही जड जातं.

लालबाग रोडचं ‘मावळ्ळी टिफिन रूम्स’, म्हणजे एमटीआर, 1924 सालचं. दुसऱ्या महायुद्धात तांदळाची टंचाई झाली तेव्हा रव्याची इडली इथे जन्मली, असं तिथे सांगतात. एखादा पदार्थ टंचाईतून यावा आणि टंचाई गेल्यावरही टिकावा, हे फार थोड्यांच्या नशिबी असतं. पण मला या घराण्याची दुसरी हकिगत जास्त आवडते. आणीबाणीत हॉटेलातल्या खाण्याचे भाव सरकारने इतके खाली आणले, की त्या भावात आपल्या प्रतीचा माल देता येईना. मालकांनी प्रत उतरवली नाही, हॉटेल बंद केलं. शेजारी पिठं-मसाल्यांचं दुकान काढलं आणि त्यातूनच पुढे पाकिटांचा मोठा धंदा उभा राहिला. हॉटेल नंतर पुन्हा उघडलं. आज आपल्या वाण्याकडे एमटीआरचं पाकीट दिसतं त्याच्या मुळाशी एक न परवडणारा डोसा आहे.

चेन्नईत ट्रिप्लिकेनच्या ‘रत्ना कॅफे’त इडलीवर सांबार वाढत नाहीत, ओततात. इडली दिसेनाशी होईपर्यंत. एवढं एकच सांगतो, कारण तिथे मी दुसरं काही मागवल्याचं आठवत नाही.

तपासनिसाला मनापासून आवडेल असं हॉटेल मात्र कोलकात्यात. तिथल्या जुन्या ‘पाइस हॉटेलां’त जेवणाला एक ठोक भाव नसे. भात वेगळा, डाळ वेगळी, माशाच्या तुकड्याचे वेगळे. इतकंच काय, केळीचं पान, मातीचा पेला आणि लिंबाची फोड यांचेही सुटे पैसे लागत. कॉलेज स्ट्रीटजवळच्या गल्लीत ‘स्वाधीन भारत हिंदू हॉटेल’ आहे. स्वातंत्र्य मिळाल्यावर त्याच्या जुन्या नावामागे ‘स्वाधीन भारत’ लागलं. फळ्यावर त्या दिवशीचे मासे लिहिलेले असतात. संपेल तो पुसला जातो. वेटर दहा जणांची जेवणं डोक्यात ठेवून हिशेब तोंडी सांगतो. चूक काढायचा मी प्रयत्न करून पाहिला, कधी साधलं नाही. गरीब विद्यार्थ्याने नुसत्या डाळभातावर उठावं आणि शेजारच्या बाबूने चितळ माछ मागवावा, दोघांनाही एकाच बाकावर जागा, ही सोय त्या सुट्या हिशेबाने केलेली होती. वरून कंजूष वाटणारी ही पद्धत खरं तर फार उदार आहे.

लखनौला चौकात ‘टुंडे कबाबी’, 1905 पासून. एका हाताने अधू असलेल्या हाजी मुराद अलींचं हे दुकान. मेन्यू विचाराल, तर कबाब आणि पराठा. इंदुरात सराफा बाजारात दागिन्यांची दुकानं बंद झाल्यावर त्याच ओट्यांपुढे खाण्याची दुकानं लागतात. भूक नऊलाच लागली तर तो तुमचा प्रश्न.

मग हे लांबच लांब मेन्यूकार्ड आलं कुठून? माझ्या डोळ्यांदेखत आलं. ऐंशी-नव्वदच्या दशकांत आपल्याकडचे उडपी हळूहळू ‘साउथ इंडियन, पंजाबी, चायनीज’ झाले. फाळणीनंतर पेशावरहून दिल्लीला आलेल्या मंडळींनी दर्यागंजात ‘मोती महल’ काढलं, तिथल्या लोणी-टोमॅटोच्या रश्श्याने सगळा देश पादाक्रांत केला. मंचुरियनचं श्रेय मुंबईच्या नेल्सन वाँग यांना देतात, 1975 साली क्रिकेट क्लबात केलेलं म्हणून. हे दोन्ही पदार्थ आपापल्या जागी उत्तमच. पण इडलीच्या हॉटेलात ते शिरले आणि कार्डाची पानं वाढली.

एका गावात मुक्काम लांबला तेव्हा लॉजखालच्या हॉटेलच्या भटारखान्यात डोकावायला मिळालं. सकाळी अकराच्या आत तीन पातेली तयार: लाल ग्रेव्ही, पांढरी ग्रेव्ही, पिवळी ग्रेव्ही. लाल म्हणजे टोमॅटो-कांदा, पांढरी म्हणजे काजू, मगज आणि उकडलेला कांदा, पिवळी म्हणजे कांदा-हळदीची. कार्डावरच्या झाडून सगळ्या भाज्या या तिघींच्या पोटी. लालमध्ये पनीर टाकलं, वर साय सोडली की एक नाव. त्यातच मटार पडले की दुसरं. कोफ्ता, कोल्हापुरी, हंडी, कढाई, सगळे सख्खे भाऊ. कोल्हापूरकरांनी तर या व्हेज कोल्हापुरीवर केव्हाच हरकत घ्यायला हवी होती. आचाऱ्याला दोष द्यावासा मात्र वाटत नाही. शंभर पदार्थांचं वचन कार्डाने दिलं, हात त्याला दोनच.

याच काळात मुंबईत कोपऱ्यावरचे इराणी एकेक करून मिटले. मोक्याच्या जागेचे चढते भाव, भागीदारांच्या वाटण्या, पुढच्या पिढीला नको असलेली पहाटेची भट्टी, कारणं सगळ्यांना ठाऊक आहेत. टिकले त्यांतले दोन मला महत्त्वाचे वाटतात. ग्रँट रोडच्या ‘मेरवान’मधला मावा केक सकाळीच संपे आणि संपला की संपला. बॅलार्ड इस्टेटचं ‘ब्रिटानिया’ 1923 सालचं. ते दुपारचंच जेवण देतं आणि लोक खास इराणी बेरीच्या पुलावासाठी जातात. बोमन कोहिनूर नव्वदी ओलांडल्यावरही टेबलाटेबलाशी येऊन विचारपूस करत. 2019 साली ते गेले. पुलाव आहे, पण त्या गप्पा कुठल्याच कार्डावर नव्हत्या.

गोव्यात अजून हॉटेलचंच काय, समुद्राचंही ऐकावं लागतं. पणजीत दुपारी एकच्या सुमाराला ‘आयज कितें नुस्तें आसा?’ असं विचारल्याशिवाय बसण्यात अर्थ नाही. विसवण नसेल तर बांगडा, बांगडा नसेल तर तिसऱ्या. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत यांत्रिक होड्यांना बंदी. त्या दिवसांत ताटात खाडीतला मासा किंवा सुक्या सुंगटांची किसमूर येते. पर्यटक तेव्हा हिरमुसतात. मला ते ताट आवडतं. पावसात सुक्या माशाचा वास, उकड्या तांदळाचं शीत आणि सोलकढी यापुढे आणखी काय मागायचं?

आता कार्ड कागदावरही उरलेलं नाही, ते फोनमध्ये गेलं आणि त्याला शेवटचं पान राहिलं नाही. एकाच भटारखान्यातून पाच-सहा नावांची हॉटेलं चालतात. बिर्याणी एका नावाने, नूडल्स दुसऱ्या, पराठे तिसऱ्या. समोर खुर्ची नाही, त्यामुळे आज काय चांगलं झालंय हे सांगणारा वेटरही नाही. मुलं रात्री अकराला काहीही मागवतात आणि येतंही. सोय आहे, नाकारत नाही. मीही मागवतो, पण बिर्याणी. दमाचा पदार्थ झाकणाखालीच शिजलेला असतो, त्याला डब्याचं वावडं नाही. मिसळीची तर्री वेगळी बांधून दिली तर तीही चालते. डोसा मात्र डब्यातल्या वाफेने अर्ध्या रस्त्यातच मान टाकतो, आणि त्याच्यासाठी चपला घालून रांगेत उभं राहण्याला अजून तरी पर्याय निघालेला नाही.