हातचा न येणारा गुणाकार

मोरगावच्या मयूरेश्वराला भाविक एकवीस दूर्वांची जुडी वाहतात. २१ मधील अंकांची बेरीज ३. आणि ३ नें २१ ला भागिलें असतां ७ येतात, बाकी उरत नाहीं. स्वतःच्याच अंकांच्या बेरजेनें जिला निःशेष भाग जातो अशा संख्येला दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनीं ‘हर्षद’ हें नांव दिलें. १९३० पासून १९६२ पर्यंत ते देवळालीस शाळाशिक्षक होते. लहान संख्येंत हा गुण सहज सांपडतो. मोठ्या संख्येंत तो भेटला म्हणजे मौज अधिक.

पाटीवर १ हा अंक नऊ वेळां ओळीनें लिहावा आणि त्या संख्येला तिनेंच गुणावें. उत्तर येतें तें असें : १२३४५६७८९८७६५४३२१. हे सतरा अंक झाले. लीलावतींतील स्थाननामांप्रमाणें डावीकडचा पहिला १ ‘मध्य’ या स्थानीं बसतो. परार्धाला एकच पायरी उणी!

या डोंगराच्या आकारांत गूढ कांहीं नाहीं. गुणाकाराच्या नऊ ओळी एकेक घर डावीकडे सरकत जातात. त्यामुळें उजवीकडून पहिल्या उभ्या घरांत एकच १ येतो, दुसऱ्यांत दोन, नवव्यांत नऊ, आणि पुढें ते पुन्हां घटत जातात. बेरीज नवावर कोठेंच जात नाहीं, म्हणून हातचा येत नाहीं. १ हा अंक दहा वेळां लिहिला, कीं मधल्या घरांत दहा जमतात, हातचा पुढें जातो आणि उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१ असें येतें. माथाच ढासळला !

कापरेकरांनीं अशा संख्यांना ‘डेम्लो’ म्हटलें. मुंबईपासून सुमारें ३० मैलांवरील तत्कालीन जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकाचें तें नांव होतें. आपल्या संख्येचा डावा भाग १२३४५६७८ व उजवा भाग ८७६५४३२१ यांची बेरीज ९९९९९९९९ होते, आणि मध्यें उभा आहे तोही ९ च. शिवाय सतराही अंकांची बेरीज ८१ असून तिनें संख्येला पूर्ण भाग जातो. भागाकार १५२४१५७८९९७१०४१, तो १२३४५६७९ चा वर्ग आहे. म्हणजे ही संख्या हर्षदही आहे.

कापरेकरांचें हें गणित अनेक विद्वानांनीं क्षुल्लक मानलें. हे गुण संख्येचे नव्हेत, दहांच्या लेखनपद्धतीचे, असा आक्षेप घेतां येतो, आणि तो अगदींच पोकळ नाहीं. रुपयाचे सोळा आणे होते तेव्हां सोळा आणे भरले म्हणजे हातचा धरीत; तसा आठ भरतांच हातचा धरला, तर सात वेळां लिहिलेल्या १ चा वर्ग १२३४५६७६५४३२१ असा दिसतो. डोंगर राहतो, माथा मात्र खालीं येतो. म्हणजे अंक बदलले तरी नियम टिकतो. तेव्हां आक्षेप अर्धाच खरा. १९७५ सालीं मार्टिन गार्डनर यांनीं ‘सायंटिफिक अमेरिकन’ मासिकांत कापरेकरांवर लिहिलें, तेव्हां जगाचें लक्ष या शिक्षकाकडे वळलें.

लेखनपद्धतीशीं मुळींच संबंध नसलेला गुण हवा असेल, तर तोही या संख्येंत आहे. तिचे मूळ अवयव तीनच : ३ चार वेळां, ३७ दोन वेळां आणि ३३३६६७ दोन वेळां.