चवदार तळे आणि आपला स्नानसंस्कार

२० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. नगरपालिकेने ते तळे आधीच सर्वांना खुले केले होते. परंतु ठराव कागदावरच राहिला होता.

स्नानसंस्काराच्या पाण्याने सारे भेद मिटतात, अशी आपली श्रद्धा आहे. तरीही जातिभेद ख्रिस्तसभेत शिरला, हे भारतीय कॅथलिक महागुरूंच्या परिषदेने २०१६ च्या धोरणात मान्य केले. १९५० च्या राष्ट्रपती आदेशाने अनुसूचित जातींचा दर्जा मुख्यतः हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध त्यात आले, दलित ख्रिस्ती मात्र वगळले गेले.

शासनाकडे न्याय मागताना, आपल्या धर्मग्रामात, सोयरिकीत व दफनभूमीत समता आहे का, हे प्रथम स्वतःस विचारू या. अन्यथा आपली श्रद्धाही कागदावरच्या ठरावासारखी राहील.