निजलेल्या मुलाजवळ कोणीतरी हवे

वेरूळ व अजिंठा या लेण्यांमुळे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात वर्षभर पर्यटक येत असतात. घृष्णेश्वर, खुलताबादचा भद्रा मारुती आणि नाथषष्ठीच्या काळात पैठण येथे भाविकांची रीघ लागते. यांतील अनेक कुटुंबे तान्ह्या मुलांसह हॉटेल, लॉज किंवा भक्तनिवासात मुक्काम करतात. प्रवासाने दमलेले मूल संध्याकाळीच झोपी जाते. त्याची झोपमोड नको, म्हणून दाराला कुलूप लावून आईवडील खाली जेवावयास जातात. लग्नाच्या वेळी जानवसघरात मूल निजवून पंगतीला जाण्याचा प्रसंगही असाच. यात मुलाविषयी अनास्था नसते. ‘झोपलेले मूल सुरक्षित असते’ ही समजूत असते. ती तपासून पाहणे आवश्यक आहे.

बंद दाराआड

कुशीवर वळू लागलेले मूल पलंगावरून केव्हा पडेल, याचा नेम नसतो. भोवती रचलेल्या उशा त्याला पडू देत नाहीत. पण त्याच नाकातोंडावर येऊन श्वास कोंडू शकतात. प्यालेले दूध उलटून ठसका लागल्यास तत्काळ उचलून घेणारे माणूस जवळ लागते. अनेक हॉटेलांत खोलीचे कार्ड काढून घेताच दिवे, पंखा व वातानुकूलन बंद पडते; मराठवाड्यातील मे महिन्याच्या उकाड्यात ही बाब क्षुल्लक नव्हे. आग किंवा धूर झाल्यास तेच कुलूप मदतीस येणाऱ्यांच्या वाटेतील अडथळा ठरते. खोलीत ठेवलेला मोबाईल रडणे ऐकवील, मुलाला उचलून घेणार नाही.

३ मे २००७ रोजी पोर्तुगालमधील प्राया दा लुझ येथे एक ब्रिटिश दांपत्य मुलांना खोलीत निजवून जवळच्याच उपाहारगृहात जेवत होते. अधूनमधून जाऊन पाहण्याची व्यवस्था त्यांनी केली होती. तरीही त्यांची तीन वर्षांची मुलगी नाहीशी झाली. ती अद्याप सापडलेली नाही.

कायद्याची दृष्टी

मुलाला कायमचे टाकून देण्याच्या हेतूने सोडणे हा वेगळा व गंभीर अपराध आहे. जेवणापुरते खाली जाणे त्यात मोडत नाही. मात्र बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७५ नुसार, ताब्यातील मुलाला विनाकारण शारीरिक वा मानसिक क्लेश होण्याचा संभव असेल अशी बुद्धिपुरस्सर हेळसांड करणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

आईला कामासाठी दूर जावे लागते, तेव्हा मुलाजवळ दुसरे माणूस असावे, हे तत्त्व देशातील कामगार कायद्यांनी पूर्वीच मान्य केले. कारखाने अधिनियम, १९४८ मध्ये पाळणाघराची तरतूद होती. १९७६ च्या सुधारणेने तीसपेक्षा अधिक स्त्री कामगार असलेल्या कारखान्यांना ती लागू झाली. २००५ च्या रोजगार हमी अधिनियमानुसार कामावर सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असल्यास त्यांच्या देखभालीसाठी एका स्त्रीला मजुरी देऊन नेमावयाचे होते. जे खडी फोडणाऱ्या आईच्या मुलासाठी आवश्यक मानले गेले, ते प्रवासी कुटुंबाच्या मुलासाठी अनावश्यक कसे ठरेल?

काय करता येईल

आईवडिलांनी आळीपाळीने जेवावे किंवा जेवण खोलीत मागवावे. आजी, आत्या, मावशी सोबत असल्यास त्यांपैकी एकीने बसावे आणि तिचे पान आधी वाढावे. हॉटेलातील अनोळखी नोकरावर मूल सोपवू नये. भक्तनिवास व मंगल कार्यालयांच्या चालकांनी भोजनगृहालगत पाळणा बांधण्याजोगी शांत जागा राखावी. यात्रेच्या गावी ग्रामपंचायतीने त्यासाठी आग्रह धरावा. बंद खोलीतून मुलाचे रडणे ऐकू आल्यास व्यवस्थापकाने पालकांना तत्काळ बोलवावे. ते न सापडल्यास जवळच्या किल्लीने दार उघडावे. मदतीसाठी १०९८ हा बालसाहाय्य क्रमांक अहोरात्र उपलब्ध आहे. तो प्रत्येक मुक्कामस्थळी दर्शनी भागात लावण्यास फारसा खर्च येत नाही.