लिनक्सच्या लॉगिन-पडद्यावरील सत्रनिवड : काही दोष व त्यांचा शोध

लिनक्स कार्यप्रणालीच्या संगणकावर एकाहून अधिक डेस्कटॉप बसविता येतात. त्यांपैकी कोणत्या डेस्कटॉपात प्रवेश करावयाचा, हे लॉगिनच्या पडद्यावर ठरते. ही निवड चुकली, म्हणजे वापरणाराचा संशय बहुधा भलतीकडेच जातो. ज्या अभ्यासकाने ध्वनिचिन्हांसाठी एक्समॉडमॅप या साधनाने कळफलकाची मांडणी स्वतः बदलून घेतली आहे, त्याच्या हाती एके दिवशी मूळ मांडणीच येते. कळफलक बिघडला, असे तो समजतो. वस्तुतः एक्समॉडमॅप हे एक्स-११ या जुन्या चित्रप्रणालीचे साधन होय. वेलँड या नव्या प्रणालीसाठी लिहिलेल्या प्रोग्रॅमांवर त्याचा परिणाम होत नाही. कळफलक तोच, सत्र मात्र बदललेले.

ग्नोमच्या जीडीएम या लॉगिन-व्यवस्थापकात निवडीचे दातेरी चाक पडद्याच्या उजव्या तळाशी असते. परंतु वापरणाराचे नाव निवडून पासवर्डाची चौकट आल्यावाचून ते प्रकट होत नाही. यंत्रावर एकच सत्र असल्यास, किंवा त्या व्यक्तीचे सत्र आधीच चालू असल्यास, ते मुळीच दिसत नाही. कित्येक तक्रारींचे मूळ एवढेच असते.

येथील नामकरण भाषेच्या अभ्यासकास लक्षणीय वाटेल. प्रत्येक सत्राची एक वर्णन-फाइल असते. एक्स-११ व वेलँड यांच्या फाइली दोन निरनिराळ्या फोल्डरांत राहतात. पडद्यावर दिसणारे नाव फाइलच्या आत लिहिलेले असते व त्याचे मराठी रूपही देता येते; परंतु वापरणाराची निवड नोंदविताना यंत्र ते नाव लिहीत नाही, फाइलचे नाव लिहिते. म्हणून डेस्कटॉप काढून टाकला तरी नोंदीत त्याचे नाव उरते. नाम आहे, पण नामी नाही! अशा वेळी जीडीएम मुकाट्याने दुसरे सत्र उघडते, तर लाइटडीएममध्ये सत्र सुरू झाले नाही असा संदेश येऊ शकतो. याउलट, वर्णन-फाइल आहे पण तिच्यातील ‘ट्रायएक्झेक’ या ओळीत सांगितलेला प्रोग्रॅम यंत्रावर नाही, तर ते सत्र यादीतून गळते.

पासवर्ड स्वीकारला जाऊन क्षणार्धात पुन्हा लॉगिनचाच पडदा यावा, हा प्रकार अधिक त्रासदायक. यात पासवर्डाचा दोष नसतो. तो चुकला असता तर तसा संदेश आला असता. कंट्रोल, ऑल्ट व एफ-३ या कळा एकत्र दाबून अक्षरी कन्सोलवर जावे व प्रथम डिस्क भरली आहे काय ते पाहावे. एक्स-११ चे सत्र असल्यास घरच्या फोल्डरातील ‘एक्सऑथॉरिटी’ ही लपलेली फाइल रूटच्या मालकीची झाली आहे काय, हेही तपासावे. सुडो लावून चित्रप्रणाली सुरू केल्याचे हे फळ असते. मालकी परत केली की प्रवेश मिळतो. तरीही अडल्यास जर्नलसीटीएलमधील नोंदी वाचाव्यात.

मात्र काही ठिकाणी शोधणेच व्यर्थ आहे. सप्टेंबर २०२५ मधील ग्नोम ४९ मध्ये एक्स-११ चे सत्र मुळातच बंद ठेवण्यात आले, आणि उबुंटू २५.१० मधून ग्नोमचे ते सत्र वगळले गेले. तेथे उपरोक्त अभ्यासकाने आपली मांडणी वेलँडलाही समजणाऱ्या एक्सकेबीच्या स्वरूपात लिहून घ्यावी. किंवा दोन्ही सत्रे असलेल्या उबुंटू २४.०४ वर राहावे, ज्याची सामान्य देखभाल २०२९ पर्यंत आहे.