मासा कुणाला दिसायला हवा?

आटपाट नदी होती. नगर नव्हे, नदीच. नाव तिचं अ‍ॅमेझॉन. पावसाळ्यात ती इतकी फुगते, की काठावरचं जंगल महिनोन्‌महिने पाण्यात उभं राहतं. बुडालेल्या फांद्या, लोंबणारी मुळं, सरळ उभे देठ आणि त्यांच्यामधून झिरपणारं ऊन. तिथे एक मासा राहतो. दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा चपटा, अंग चंदेरी आणि त्यावर वरून खाली उतरलेले काळे पट्टे. एक पट्टा तर थेट डोळ्यावरून गेलेला.

“आजोबा, हा तर आपल्या टाकीतला एंजल!” सई म्हणाली.

हो, तोच. आता सांगा बघू, पट्टे कशाला? ओंकार म्हणतो, छान दिसायला. चूक. न दिसायला! देठांमध्ये एंजल स्तब्ध उभा राहिला की त्याचे पट्टे देठांच्या सावल्यांत मिसळून जातात. माशाची चुगली करतो तो त्याचा गोल डोळा. त्यावरूनही पट्टा गेल्यामुळे तोही लपतो. जो एंजल बगळ्याला किंवा मोठ्या माशाला दिसला, तो गट्टम झाला. जो दिसला नाही, त्याची पिल्लं झाली. असं पिढ्यानुपिढ्या चालत आलं. म्हणजे एंजलचे पट्टे कुणी रंगवले? त्याला खायला टपलेल्या डोळ्यांनी! रंगाची गोष्ट ऐकताना हा प्रश्न धरून ठेवायचा: बघतंय कोण?

या माशाची शास्त्रीय नोंद १८२३ सालची. युरोपातल्या हौशी लोकांच्या टाक्यांत तो विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोचला आणि तिथून पुढे त्याच्याकडे बघणारे डोळेच बदलले. ती गंमत सांगतोच, पण त्याआधी रंग अंगात असतो कुठे, ते पाहू.

तुमची मूठ वळा बरं. आता बोटं पूर्ण पसरा. माशाच्या कातडीत काळ्या रंगपेशी असतात, त्या साधारण अशाच वागतात. पेशी जागची हलत नाही, तिच्या आतले काळे कण हलतात. कण मधोमध गोळा झाले की पट्टा फिका, पेशीभर पसरले की पट्टा गडद. हुकूम येतो मज्जातंतूंकडून आणि रक्तातल्या संप्रेरकांकडून. म्हणून दुकानातून पिशवीत घालून आणलेला एंजल कधीकधी अगदी पांढराफटक दिसतो. तो आजारी असतो असं नाही, धास्तावलेला असतो. टाकीतल्या दोन एंजलचं भांडण जुंपलं तर शेजारी उभं राहून बघा. ठोसे कमी आणि रंगांची बोलणीच जास्त.

चंदेरी चमक मात्र रंगाची नव्हेच. तिथे ग्वानीन नावाच्या पदार्थाचे अतिशय पातळ स्फटिक एकावर एक रचलेले असतात आणि ते उजेड परत फेकतात. कोळणीकडून आणलेलं पापलेट धुताना तुमच्या आईच्या बोटांना जी बारीक चांदी लागते ना, तिच्यातही ग्वानीनच. आणि ऐका, आपल्या डीएनएची जी चार अक्षरं आहेत, त्यांतलं ‘जी’ म्हणजे हेच ग्वानीन. निसर्ग काटकसरी. लिहायलाही तेच, चमकायलाही तेच.

राहिला पिवळा, केशरी आणि लाल. यातले बरेचसे रंग माशाला स्वतःला बनवता येत नाहीत, खाण्यातून मिळवावे लागतात. शेवाळ, झिंग्यासारखे बारीक जीव यांतून ते येतात. माशांच्या खाद्यात झेंडूच्या पाकळ्यांचा अर्कसुद्धा घालतात. एकाच विणीतली दोन पिल्लं दोन घरी गेली, एकाला नुसतं स्वस्त कोरडं खाद्य आणि दुसऱ्याला जिवंत खाणं मिळालं, तर वर्षाने ती भावंडं वाटायची नाहीत.

आता टाकीतली गंमत. टाकीत बगळा नाही. त्यामुळे जे विचित्र पिल्लू नदीत चार दिवस टिकलं नसतं, ते इथे टिकतं. नुसतं टिकत नाही, जास्त किमतीला विकलं जातं. काळा एंजल घ्या. अमेरिकेतल्या आयोवा राज्यातल्या जोअ‍ॅन नॉर्टन या बाईंनी १९८०च्या दशकात एंजलच्या रंगांची आनुवंशिकता चिकाटीने उलगडून हौशी लोकांसाठी लिहिली. काळेपणाचं एक जनुक आहे. ते आईवडलांपैकी एकाकडूनच मिळालं तर मासा धुरकट काळा होतो, परांवर जाळीदार नक्षी दिसते. त्याला ‘ब्लॅक लेस’ म्हणतात. दोघांकडूनही मिळालं तर पिल्लू मखमली काळंकुट्ट. दोन ब्लॅक लेसची जोडी लावली आणि शंभर पिल्लं झाली, तर साधारण २५ साधी पट्टेवाली, ५० लेस आणि २५ काळी. ओंकार, शाळेत तुम्हाला मेंडेलचे वाटाणे शिकवले, त्यातलाच १:२:१. फक्त वाटाण्यात मधला प्रकार डोळ्यांना दिसत नाही, इथे ढळढळीत दिसतो. मी तर म्हणतो, शाळेत वाटाण्याच्या चित्राऐवजी एंजलची टाकी ठेवावी, मुलं कधी विसरणार नाहीत.

सोनेरी एंजलचं गणित वेगळं. ते जनुक दबून राहणारं, दोघांकडून आल्याशिवाय रंग दाखवत नाही. म्हणून दोन चंदेरी आईवडलांच्या विणीत अचानक काही पिवळी पिल्लं निघतात आणि पाळणारा बुचकळ्यात पडतो. पट्टे पुसणारंही एक जनुक आहे. ते दुहेरी आलं तर कल्ल्यांवरचं झाकण इतकं पारदर्शक होतं, की आतले लालबुंद कल्ले दिसतात आणि पिल्लू लाजल्यासारखं वाटतं.

“पण मग पट्टेवाले आणि सोनेरी एकमेकांना ओळखतात?” सईने विचारलं.

छान प्रश्न. स्पेनमधल्या ओव्हिएदो विद्यापीठात एंजलच्या पिल्लांवर हे तपासलं गेलं. कुठल्या रंगाच्या थव्याला जाऊन मिळायचं, हे पिल्लू आधी कुठल्या रंगाच्या सोबतीत राहिलं यावरही अवलंबून असतं. म्हणजे माशांचं एकमेकांकडेही लक्ष असतं!

आता नदी सोडू आणि पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूला जाऊ. न्यू गिनी बेटाच्या पश्चिम टोकाला आयामारू नावाची सरोवरं आहेत. चुनखडीच्या प्रदेशातलं उथळ, नितळ पाणी. १९५०च्या दशकाच्या मध्यात मारिनुस बोसेमान हे डच मत्स्यशास्त्रज्ञ तिथे गेले, काही मासे पकडले आणि ते स्पिरिटच्या बरण्यांत घालून संग्रहालयात आणले. स्पिरिटमध्ये पिवळे-केशरी रंग विरघळून जातात. मासे मळकट झाले आणि तसेच फळीवर राहिले. १९८० साली जेराल्ड अ‍ॅलन आणि नॉर्बर्ट क्रॉस यांनी त्या बरण्या तपासून ही नवी जात असल्याचं जाहीर केलं आणि तिला बोसेमान यांचं नाव दिलं. त्यानंतर लोक जिवंत मासा आणायला पुन्हा सरोवरावर गेले, तेव्हा कुठे जगाने तो नीट पाहिला: नराचा पुढचा अर्धा भाग निळा-जांभळा, मागचा अर्धा भगवा. जणू दोन वेगळे मासे मधोमध जोडलेत.

हा बोसेमानचा रेनबो. एंजलला लपायचं होतं, याला मिरवायचंय. कुणासमोर? मादीसमोर आणि शेजारच्या नरासमोर. मादी स्वतः साधी, फिकट चंदेरी-पिवळसर. सकाळी पहिला उजेड टाकीवर पडतो तेव्हा नरांच्या अंगात येतं. परं ताणून ते मादीभोवती घिरट्या घालतात आणि कपाळापासून पाठीपर्यंत एक लखलखीत रेघ उमटते, विझते, पुन्हा उमटते. चहाचा कप घेऊन त्या वेळी टाकीसमोर बसावं. दुपारी हेच मासे निम्मे फिके असतात. शिवाय त्यांचा निळा हा उजेडाच्या कोनावर चालणारा रंग. आपल्या पाठीमागून ऊन आलं तर पेटतो, माशाच्या मागून आलं तर राखाडी.

या माशाचे भाऊबंद पुष्कळ. न्यू गिनीतल्याच जयापुराजवळच्या सेंटानी सरोवरातल्या रेनबोचा नर विटकरी लाल, कुटुबू सरोवरातला निळा. ऑस्ट्रेलियात तर एकाच जातीचे मासे नदीगणिक वेगळे रंग दाखवतात, कारण नद्या एकमेकींना मिळत नाहीत आणि प्रत्येकीत संसार वेगळा चाललेला. म्हणूनच वेगवेगळे रेनबो एका टाकीत ठेवून पिल्लं काढू नयेत. ते सहज एकमेकांशी जुगतात आणि पिल्लं ना इकडची ना तिकडची, मळक्या रंगाची निघतात. हजारो वर्षांत घडलेलं आपण दोन विणींत घालवतो.

आयामारूच्या रेनबोला आणखी एक फटका बसला. गिऱ्हाइकांना हवेत रंगीत नर, म्हणून सरोवरातून नरच उपसले गेले. आज ही जात धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आहे. दुकानात मिळतात ते बहुतेक मत्स्यशेतीत वाढवलेले, म्हणजे खाणाऱ्याचे आणि मादीचे डोळे जाऊन आता गिऱ्हाइकाचे डोळे त्यांचे रंग ठरवतात. आणि गिऱ्हाईक म्हणजे तुम्ही-आम्ही!

तेव्हा पुढच्या वेळी दुकानात गेलात की दोन गोष्टी करा. आपल्याकडच्या नद्या-तळ्यांत काचेसारखा पारदर्शक छोटा मासा असतो, त्याला सुई टोचून गुलाबी-हिरवा रंग भरलेला दिसला तर तो घेऊ नका. त्या सुईने कित्येक मासे मरतात आणि भरलेला रंग काही महिन्यांत उडून जातो. आणि कोपऱ्यातल्या टाकीत दोन इंची, राखाडी, कुणी ढुंकून न पाहणारे रेनबो असतील, तर ते सहा-सात घ्या. चांगलं खाऊ घाला, टाकी लांबलचक असू द्या, घाई करू नका. बोसेमानच्या नराला पूर्ण रंग चढायला वर्षभर तरी लागतं.