उसाची ट्रॉली आणि आपल्या पोरांची सायकल



गळीत हंगाम सुरू झाला की कार्यक्षेत्रातले रस्ते आपल्या उसाने भरून जातात. बैलगाड्या, दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर, ट्रक, सगळ्यांची तोंडे कारखान्याकडे. त्याच रस्त्याने आपली पोरे सायकलवर शाळेला जातात, पाळीचे कामगार ये-जा करतात, दूधवाला किटल्या अडकवून निघतो. त्यात हे दिवस थंडीचे. सकाळी धुके आणि संध्याकाळी लवकर अंधार.

सर्वांत वाईट म्हणजे रात्री रस्त्यात उभी राहिलेली ट्रॉली. टायर फुटला, ड्रायव्हर पंक्चरवाल्याच्या शोधात गेला, मागे दिवा नाही की माणूस नाही. मागाहून सायकलवाला येतो, तेवढ्यात समोरच्या गाडीचा झोत डोळ्यांवर पडतो. मग बाहेर आलेली उसाची टोके तोंडाशी येईपर्यंत कळत नाहीत.

ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक असणे १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी सक्तीचे आहे. आपण त्याला 'रेडियम' म्हणतो. (त्यात रेडियम औषधालाही नसते, ते असो.) त्यावर पडलेला उजेड, जिकडून आला तिकडेच तो परत पाठवतो. म्हणजे दिवा लावून येणाऱ्यालाच तो चमकताना दिसतो. बिनदिव्याच्या सायकलवाल्याला रेडियमची ट्रॉलीही काळीच! म्हणून ट्रॉली बंद पडली तर ती रस्त्याखाली घ्यावी. ते जमत नसेल तर मागे जळता कंदील टांगावा आणि कुणीतरी बॅटरी घेऊन थांबावे. बैलगाडीलाही कंदील हवाच.

सायकलची गोष्ट उलटी आहे. तिला मागून येणाऱ्यांनी पाहायला हवे. ताशी ६० किलोमीटरने येणारी मोटारसायकल एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते, आणि ब्रेक दाबेपर्यंत एक-दीड सेकंद सहज जातो. मडगार्डवरचा लाल आणि पायडलवरचे पिवळे परावर्तक लांबून दिसतात. पायडलचे खालीवर हलतात, त्यामुळे पुढे सायकल आहे हे लगेच ओळखू येते. मात्र त्यावर चिखल बसू देऊ नका. पुढच्या दिव्याला पर्याय नाही.

दगडांचे काय? ट्रॉली अडवायला चाकाखाली धोंडे लावायचे आणि काम झाले की तिथेच टाकून निघून जायचे, ही रीत कुठली? रस्त्यावर सांडलेल्या कांड्यांवरूनही चाक रुळासारखे घसरते. एक दिवा गेलेला ट्रॅक्टर तर समोरून मोटारसायकलच वाटतो, आणि सायकलवाला पुरेसा बाजूला होत नाही.

भरलेली ट्रॉली प्रथम आपल्याच फडातून निघते. ती निघण्याआधी मागे फिरून पाहा: रेडियम पुसलेले आहे का, उसाने झाकले आहे का, दोन्ही दिवे लागतात का. नसतील तर गाडी हलवू देऊ नका. खेपेला उशीर होईल, होऊ द्या.

पोरांनाही दम भरा. चालत्या ट्रॉलीतून ऊस ओढणे, चढाला साखळी धरून सायकल ओढून घेणे, हे आपणही लहानपणी केले म्हणून हसण्यावारी नेऊ नका. चाक दोन हातांवर असते.

आणि कुणी पडलेला दिसला तर पोलिसांच्या चौकशीला भिऊन पुढे जाऊ नका. २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात मदत करणाऱ्याला संरक्षण दिले आहे; नाव सांगण्याचीही सक्ती नाही. रुग्णवाहिकेसाठी १०८ हा नंबर लावा.