अब्बांची तारीख

सकाळपासून अब्बा उपाशी होते. अँजिओग्राफीसाठी पोट रिकामे हवे म्हणून फजरआधी दोन घोट पाणी घेतले, तेवढेच. कोंढव्याहून रिक्षाने रुग्णालय गाठले, हिरवा झगा घालून बाकावर बसले. जोहर झाली, असर झाली. मग परिचारिका म्हणाली, ‘‘बाबा, आज तातडीचे पेशंट आले. पुढच्या आठवड्यात या.’’ परतताना अब्बा एवढेच बोलले, ‘‘रोजा असता तर सवाब तरी मिळाला असता!’’

आम्ही हसलो, पण आतून ओशाळलो. वय 74. मशिदीचा जिना चढताना छाती आवळायची. दोन महिन्यांत तीन तारखा फिरल्या. एकदा मशीन बंद होते. एकदा कागद अडले : रेशन कार्डावर ‘शेख’ नावाच्या आधी, आधारवर शेवटी! तातडीच्या रुग्णाला आधी घेतले, यात चूक नव्हती. पण दिवसभर उपाशी बसलेल्या म्हाताऱ्याला दुपारीच सांगायला हवे होते. अब्बांचा राग उशिरापेक्षा या न सांगण्यावर होता. आम्ही मात्र त्यांना ‘सब्र करा’ एवढेच सांगत राहिलो.

वाट मोकळी झाली ती एका आरोग्यमित्राला भेटल्यावर. त्याने पहिलाच प्रश्न केला, ‘‘सत्तरी ओलांडली ना? मग वय वंदना कार्ड का काढले नाही?’’ ऑक्टोबर 2024 पासून 70 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारत योजनेत वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतच्या उपचारांचे संरक्षण आहे. त्यासाठी आधार पुरते. आम्ही रेशन कार्ड घेऊन हेलपाटे घालत होतो आणि हक्क अब्बांच्या खिशातच होता. कार्ड निघाले, योजनेतल्या रुग्णालयात अँजिओग्राफी झाली, दोन स्टेंट बसले. अल्हम्दुलिल्लाह, अब्बा आता पुन्हा जिना चढतात, सावकाश.

आमच्यावर आले ते तुमच्यावर येऊ नये, म्हणून काही गोष्टी सांगतो.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे कोणता उशीर चालतो आणि कोणता नाही, हे ओळखा. चालताना दुखते आणि बसल्यावर थांबते, तर डॉक्टर तारीख देऊ शकतात. पण बसल्या जागी छातीत दुखू लागले, घाम फुटला, दम लागला, दुखणे हात किंवा जबड्याकडे गेले, तर तारखेची वाट पाहू नका. मधुमेही, वृद्ध आणि बायकांमध्ये छातीत न दुखताही झटका येतो. नुसती धाप, मळमळ किंवा गळून जाणे दिसते. ‘पित्त असेल’ म्हणून सोडा पाजत बसू नका. लगेच 108 ला फोन करा. रुग्णालयात पोहोचल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी आणि मोठा झटका असेल तर साधारण 90 मिनिटांत बंद नस उघडणे, ही डॉक्टरांची मान्य मोजपट्टी आहे.

पैशांवाचून अडले, तर धर्मादाय रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात जा. मुंबई उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार तिथे 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखीव असतात. दाद मिळाली नाही, तर धर्मादाय सहआयुक्तांच्या पुणे कार्यालयात लेखी तक्रार करता येते. आणि तातडीच्या रुग्णाचा जीव वाचवणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने 1989 मध्येच सांगितले आहे.

तारीख पुढे ढकलली, तर नवी तारीख कागदावर लिहून घ्या. ‘मधल्या काळात त्रास वाढला तर कुठे यायचे?’ हेही विचारा. जुने ईसीजी, औषधांची यादी, आधार एका पिशवीत ठेवा.

आधी उंट बांधा, मग अल्लाहवर भरवसा ठेवा, ही शिकवण आपल्या घरांत लहान मुलालाही ठाऊक असते. सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे. घरात सत्तरीचे कोणी असेल, तर या जुम्याच्या आत त्यांचे कार्ड काढा. छातीत कळ येईल तेव्हा कागद शोधायला वेळ नसतो.